धुरा साफ करू नका

दरवर्षी दिवाळी आटोपली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : तलावांवर परदेशी पाहुण्यांचं आगमन. सोबत बदकांच्या थव्याचा फोटो. बातमी खरी असते, फोटोही चांगला असतो. पण तो फोटो काढून परतताना रस्त्यालगतच्या बांध्यांमध्ये, धुऱ्यावरच्या बाभळीत, विहिरीशेजारच्या केळीत जे बारके पक्षी तितकंच अंतर कापून आलेले असतात, त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. बदक मोठं असतं, उघड्या पाण्यावर बसतं, लांबूनही दिसतं. हे बारके पक्षी चिमणीएवढे किंवा तिच्याहूनही लहान. पाहणारा ‘चिमणी असेल’ म्हणतो आणि पुढे जातो.

हे आवाहन त्या बारक्या पक्ष्यांसाठी आहे. आणि ते पक्षीमित्रांना केलेलं नाही. त्यांना हे सगळं ठाऊक असतं. ज्यांच्याकडे चार बांध्या आहेत, घरामागे थोडा परस आहे आणि खिशात काडेपेटी आहे, अशा तुमच्या-माझ्यासारख्यांना ते आहे.

आधी ओळख करून घेऊ. दुर्बीण लागत नाही. हलकं धान कापून झालेल्या बांधीत थोडी ओल उरलेली असते, लाखोळीचे कोंब वर येत असतात. तिथे शेपटी सारखी वरखाली हलवत तुरुतुरु धावणारा पक्षी दिसला तर तो परीट, कुणी त्याला धोबी म्हणतं. एक पांढरा-काळा असतो, एक पोटाखाली पिवळा. विजेच्या तारेवर रांगेनं बसलेल्या, निळसर काळ्या पाठीच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या माळभिंगऱ्या. कुंपणाच्या खांबावर बसून तांबूस शेपटी थरथरवणारा काळा थिरथिरा. काठाच्या गवतातून क्षणभर बाहेर येऊन पुन्हा आत घुसणारी नीलकंठी. तिच्यातल्या नराच्या गळ्यावर निळा रंग आणि मधोमध तांबूस ठिपका असतो, तो एकदा नीट दिसला की माणूस विसरत नाही. आणि चिंचेच्या, आंब्याच्या शेंड्यात पानापानांतून किडे टिपत फिरणारा हिरवट पर्णवटवट्या. हा दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. ‘चिस्-वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज दिवसभर काढत असतो. तुमच्या घरामागे चिंच असेल तर डिसेंबरच्या सकाळी पाच मिनिटं झाडाखाली उभे राहा, बहुतेक ऐकू येईल.

या पर्णवटवट्याचं वजन साधारण सात-आठ ग्रॅम असतं. दहा रुपयांचं नाणं हातावर ठेवून पाहा, तेवढंच. एवढासा जीव पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या जंगलांतून आणि हिमालयातून येतो. थिरथिरा लडाख-तिबेटाकडून. नीलकंठी तर पार उत्तर ध्रुवाजवळच्या झुडपी माळरानांपर्यंत वीण करते.

कसं येतात, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. उत्तरेत दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीराला इशारा मिळतो. ते खा-खा खातात, कातडीखाली चरबी साठवतात, आणि ती चरबी जाळत उडतात. यांतले बहुतेक रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांचा धोका कमी असतो आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. भिंगऱ्या मात्र उडता उडताच किडे पकडतात, त्यामुळे त्यांना दिवसा प्रवास परवडतो. दिशा कळते ती सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन या संशोधकांनी तिकडच्या एका लहान निळ्या जातीच्या पक्ष्यांना तारांगणात ठेवलं आणि कृत्रिम आकाश उलटं फिरवलं. पक्षीही उलट दिशेला तोंड करून फडफडू लागले. आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू या पक्ष्यांची पिल्लं लहानपणी ओळखायला शिकतात, असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. वटवट्यांसारख्या अनेक जातींत त्या वर्षीची पिल्लं आई-बापांशिवाय पहिला प्रवास करतात. वाट दाखवायला कुणी नाही, तरी पोहोचतात.

आता ‘पाहुणे’ या कल्पनेकडे वळू, कारण माझ्या मते सगळा घोटाळा तिथे आहे. पर्णवटवट्या सप्टेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. म्हणजे वर्षाचे सात महिने. उत्तरेत तो घरटं, अंडी, पिल्लं एवढ्यापुरता दोन-तीन महिने असतो. उरलेले दिवस वाटेत जातात. शिवाय इथे तो कुठेही भटकत नाही. आपला एक ठरावीक टापू धरतो, चार-दोन झाडं ताब्यात घेतो, दुसरा वटवट्या आला तर हाकलतो, आणि पुढच्या वर्षी जगला-वाचला तर पुन्हा त्याच झाडांवर येतो. याला पाहुणा म्हणायचं की शेजारी? पाहुण्याची सोय चार दिवस केली की भागतं. सात महिने राहणाऱ्याचं पोट आपल्या शिवारावर चालतं. सायबेरियातल्या जंगलाचं काय करायचं ते तिथली माणसं ठरवतील, पण सप्टेंबर ते एप्रिल हा हिशेब आपल्याकडेच लागतो.

काळ्या डोक्याच्या भारीटाचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. हा पिवळ्या पोटाचा दाणे खाणारा पक्षी इटलीपासून इराणपर्यंत वीण करतो आणि हिवाळ्यात जगातले जवळजवळ सगळे काळ्या डोक्याचे भारीट पश्चिम आणि मध्य भारतात उतरतात. इथली शेतं बिघडली तर त्यांना जायला दुसरा देश नाही.

बिघडतायत का? २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या. लांबचा प्रवास करणाऱ्यांची घट अधिक आहे. कारणं जगभर पसरलेली आहेत आणि त्यांतली बरीच आपल्या हाताबाहेरची आहेत, हे मान्य. हातातली कोणती, तेवढंच मी सांगणार आहे.

पहिली म्हणजे काडी. धान निघालं की धसकट जाळायचं, उन्हाळ्याच्या तोंडी धुरे जाळायचे, ही आपल्याकडची रीत होऊन बसली आहे. हार्वेस्टरनं कापणी वाढली तशी बांधीत उभी धसकटं आणि विस्कटलेली तणस जास्त राहते, आणि उन्हाळी धानाची किंवा हरभऱ्याची घाई असली की सगळ्यात स्वस्त मजूर म्हणजे काडी. तिचा मोह मला कळतो. पण धुऱ्यावर नेमकं काय जळतं ते पाहा. तिथल्या वाळक्या गवतात कोळी, नाकतोडे, भुंगेरे आणि त्यांची अंडी असतात. गवताचं बी असतं. बोरी-बाभळीची खुरटी झुडपं असतात, ज्यांच्या आत थिरथिरा आणि गप्पीदास रात्र काढतात. आपल्या बांध्या सपाट आणि उघड्या, झुडपाचा आडोसा असा तो धुऱ्यावरच. म्हणजे लहान पक्ष्यांचं धान्याचं कोठार आणि झोपायची जागा एकाच दुपारी जाते.

स्वच्छ धुरा म्हणजे कष्टाळू शेतकरी, असा एक समज गावोगावी आहे. तो खोडून काढायला वेळ लागेल. उंदीर, साप, तण यांची भीतीही खोटी नाही. म्हणून सगळे धुरे जंगल होऊ द्या असं मी म्हणत नाही. चारांतला एक धुरा यंदा हात न लावता सोडा, पुढल्या वर्षी दुसरा. वाट लागते तिथलं गवत विळ्यानं कापा, बाकीचं एप्रिलच्या मध्यापर्यंत राहू द्या. तोवर बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात. तणस जनावरांना लागतेच. उरलेली कुजवा. हरभरा घेणार असाल तर धसकट रोटाव्हेटरनं मातीत जातं, त्याला आग लागत नाही.

मोहफुलं वेचणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ केली की फुलं वेचायला सोपी जातात, पण ती आग पुष्कळदा पुढे सरकत जंगलात जाते. जुन्या साड्या किंवा बारीक जाळी झाडाखाली अंथरली तर फुलं मातीत पडत नाहीत आणि वेचायचं कामही हलकं होतं. कोका, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नागझिरा अशी अभयारण्यं भोवती असलेल्या आपल्या भंडारा जिल्ह्यात एका झाडाखालची आग किती लांब जाईल, याचा भरवसा नसतो.

दुसरी गोष्ट फवारणी. ऑक्टोबरात जड धानावर तुडतुडा आणि लष्करी अळी येते, आणि नेमके तेव्हाच उत्तरेतून थकून आलेले पक्षी बांध्यांमध्ये उतरतात. पक्षी तुमचा तुडतुडा खाऊन संपवतील असं आश्वासन मी देणार नाही. तुडतुडा धानाच्या बुंध्याशी असतो, तो आवरणं पक्ष्यांच्या आवाक्यातलं नाही. अळ्या आणि नाकतोडे मात्र ते पुष्कळ खातात, आणि विष फवारलेली अळी खाल्ली की ते विष त्यांच्यात जातं. १९९५-९६च्या हंगामात अर्जेंटिनातल्या शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं. उत्तर अमेरिकेतून तिथे हिवाळा काढायला आलेले, नाकतोडे खाणारे बाज शेतात मरून पडू लागले. एकूण अंदाज वीस हजारांच्या आसपास गेला. नाव ओळखीचं वाटलं ना? तेच औषध आपल्याकडे वर्षानुवर्षं दुकानात मिळत आलं.

दाणेदार औषधाचा धोका वेगळा. कार्बोफ्युरानचा दाणा पक्ष्याला बी वाटतो. अमेरिकेत दाणेदार कार्बोफ्युरान १९९०च्या दशकात बहुतांश पिकांतून हटवलं गेलं, त्यामागे पक्ष्यांचे मृत्यू हेच कारण होतं. तेव्हा दाणेदार औषध वापरायचंच झालं तर बांधीत पाणी असताना टाका, धुऱ्यावर सांडू देऊ नका, सांडलंच तर मातीत पुरा. बुंध्याजवळ वाकून तुडतुडे मोजल्याशिवाय पंप खांद्यावर घेऊ नका. आणि दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र करून दिल्या तर कृषी सहायकाला विचारा. यात तुमच्याही जिवाचा प्रश्न आहे; २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. धान्यात विष कालवून पक्षी मारणं हा तर सरळ गुन्हा आहे.

भोरड्यांबद्दल, म्हणजे गुलाबी मैनांबद्दल, इथेच बोललेलं बरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलली की त्यांचे थवे फुलांतला रस प्यायला उतरतात, आणि ज्वारी असेल तिथे दाण्यावरही पडतात. त्यांना नुसते चोर समजून हाकलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हेच पक्षी उन्हाळ्यात मध्य आशियात घरटी करतात आणि पिल्लांना नाकतोडे, टोळ भरवतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तिथल्या लोकांनी या पक्ष्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवले, कारण गवताळ कुरणांवर फवारणी करण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

आता तलाव. आपले मालगुजारी तलाव कोहळी समाजानं बांधले, ही जिल्ह्याची मोठी मिरास आहे. मालगुजारी १९५०च्या कायद्यानं संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि हळूहळू गाळ आणि बेशरमाची झुडपं यांनी ते भरले. आता गाळ काढण्याच्या योजना आल्या आहेत. गाळ काढायलाच हवा, तो शेतात टाकला तर शेतही सुधारतं. पण जेसीबी लावला की तो पाळीपासून पाळीपर्यंत एकसारखं खोदतो, आणि तलावाचा काठ भिंतीसारखा उभा होतो. बदकाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. परीट, नीलकंठी, काठच्या गवतात राहणारे वटवटे यांना हवा असतो तो उतरता, ओला, गवताळ काठ. पाणी ओसरत जातं तसा रोज हातभर नवा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातले किडे हा त्यांचा रोजचा भाकरतुकडा.

म्हणून गावात गाळाचं काम येईल तेव्हा ठेकेदाराला एवढंच सांगायचं, की एक बाजू सोड. जिथे पाणी आपोआप उथळ होत जातं ती. बेशरम मात्र मुळासकट काढा. ती बाहेरून आलेली आहे आणि तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. ती काढून तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावण्याचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं धीवर बांधवांबरोबर आणि त्यांच्या बायाबापड्यांबरोबर केलं आहे. त्यांचा हेतू मासा होता, आणि मासा वाढला. देवधान, म्हणजे रानटी भात, आणि काठचं गवत परत आलं की पक्ष्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

घराकडे येऊ. संक्रांतीचा पतंग हा मुलांचा आनंद आहे, त्यावर बोट ठेवायचं नाही. नायलॉन मांजा मात्र घरात आणू नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती दोरा पावसात सडून जातो. नायलॉनचा तुकडा बाभळीत वर्षानुवर्षं लटकतो आणि पर्णवटवट्या नेमका तशाच फांद्यांत फिरतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना काठी देऊन गल्लीतला मांजा गोळा करायला लावा. पतंग ज्यांनी उडवला, दोरा त्यांनीच उचलावा.

एखादा लहान पक्षी खिडकीच्या काचेवर आपटून किंवा थकून अंगणात पडलेला सापडला, तर त्याला पाणी पाजायला जाऊ नका. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि वाचणारा जीव मरतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड घाला, पक्षी ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या शांत जागी एक-दोन तास राहू द्या. मुलांना सारखं उघडून पाहू देऊ नका. सावरला तर उजेड असताना झुडपाजवळ सोडा. पंख तुटलेला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिंजऱ्यात ठेवायचा विचारसुद्धा नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि किड्यांवर जगणारा वटवट्या पिंजऱ्यातल्या भातावर चार दिवसही काढत नाही.

पक्ष्याच्या पायात बारीक धातूचं कडं दिसलं तर त्यावरचा क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. १९५९ पासून सलीम अलींच्या पुढाकारानं ही कडी घालण्याचं मोठं काम त्या संस्थेनं केलं. हजारो पक्ष्यांना कडी घातली तेव्हा थोडी परत सापडतात, म्हणून लाखनी-साकोलीतून गेलेल्या एका क्रमांकालाही मोल आहे. जिवंत पक्ष्याचं कडं काढू नका. मेलेला असेल तर कडं आणि तारीख, दोन्ही जपून ठेवा.

सगळे प्रवासी थंडीतच येतात असंही नाही. नवरंग पाहिला आहे का? हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यांवर काळा पट्टा. हा हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि मृगाच्या आगेमागे घरटं करायला आपल्या जंगलांत येतो. म्हणजे त्याच्यासाठी आपण उत्तर आहोत. तो जमिनीवरच्या पाचोळ्यात उकरून खातो, आणि मोहफुलांसाठी लावलेल्या आगीत जो पाचोळा जातो तो त्याचाच असतो. मे-जूनमध्ये हा रंगीत पक्षी अंगणात पडलेला सापडण्याची शक्यता जास्त, तेव्हा वरचा खोक्याचा उपाय लक्षात असू द्या.

शेवटची विनंती ग्रामपंचायतीबद्दल. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची एक लोक जैवविविधता नोंदवही असते. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली तेव्हा देशभर या वह्या घाईघाईनं भरल्या गेल्या, आणि घाईत भरलेल्या वहीत वाघ-मोर येतात, वटवट्या येत नाही. ही वही मागून पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती टेबलावर मागा. गावातला परीट कधी आला, भिंगऱ्या कधी गेल्या, पहिला नवरंग कुणी ऐकला, हे शाळेतल्या पोरांना तारखेसह लिहायला सांगा आणि ते पान वहीला जोडा. त्याच सभेत गाळाच्या कामाचा विषय निघाला तर तलावाची कोणती बाजू सोडायची ते नाव घेऊन ठरावात लिहून घ्या. नुसतं तोंडी ठरलं तर मे महिन्यात जेसीबीचा चालक ते ऐकणार नाही. त्याला कागद दाखवावा लागतो.